गुलाबीत हिरवं

माझ्या भावाला लोक थंडोबा म्हणतात. एक तर तो गाड्यांच्या रेडिएटरचं आणि कूलंटचं काम करतो, आणि दुसरं, त्याला राग आलेला कोणी पाहिलेला नाही. आमच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला, त्याला काही उरलाच नाही, असं आई म्हणते. आई म्हणते ते खरंच आहे. मी बोलणं मनात ठेवत नाही, आणि झालेलं विसरतही नाही. ज्या माणसाने माझ्या भावाचं नाव मातीत घातलं त्याचं वाईट व्हावं असं मला सात वर्षं रोज वाटत होतं. सकाळी दुकानाचं शटर वर करताना वाटायचं आणि संध्याकाळी खाली ओढताना वाटायचं.

तो माणूस म्हणजे जावईबापू. दादा वीस वर्षं ज्या मोठ्या गॅरेजात होता, त्या गॅरेजच्या शेठचा हा जावई. शेठ आजारी पडून घरी बसले आणि यांनी खुर्ची धरली. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण तो बाकीच्यांच्या सासऱ्यांना. इथे तो गॅरेजातल्या अठरा माणसांना लागला. स्पॅनर कुठल्या हातात धरतात हे याला ठाऊक नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला पुढे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "एवढं साधं आहे."

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची गाडी दादाकडे होती. त्याने पाण्याचा पंप बदलला, पाईप जोडले. त्या गॅरेजात सकाळीच सगळ्यांच्या कामाच्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायची पद्धत होती, म्हणजे संध्याकाळी गिऱ्हाइकाला थांबायला नको. दादाने सही केली. कूलंट भरायचं तेवढं राहिलं होतं. त्या दुपारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तो रजा घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

मागे काय झालं, तर कंपनीचं गुलाबी कूलंट निम्मं भरून संपलं. जावईबापूंनी समोरच्या दुकानातून दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा गुलाबीच डबा मागवला आणि स्टोअरकीपरला ओतायला लावला. गुलाबीत गुलाबी, एवढं साधं आहे.

इतकं साधं ते नसतं. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यात इंजिनाला आतून गंज चढू नये म्हणून मसाला असतो, आणि तो दर कंपनीचा, दर गाडीचा वेगळा. रंग निव्वळ वरून घातलेला. कोणती कंपनी कोणता रंग घालेल याला धरबंध नाही. न जमणारे दोन मसाले एकत्र आले की त्यांचा चिकट गाळ होतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि गाडी आतल्या आत तापत राहते.

मुख्याध्यापिकाबाईंची गाडी तीन आठवड्यांनी चढावर बंद पडली. तापून इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा भाग, वाकलं होतं. बाई गॅरेजात येऊन रडल्या, कारण नवऱ्यामागे त्यांना तेवढी एकच चैन होती. आणि जावईबापूंनी अठरा माणसांसमोर, सात-आठ गिऱ्हाइकांसमोर, दादाच्या सहीचा कागद हवेत फडकवला. म्हणाले, याने नळाचं पाणी भरलं आणि कूलंटचा डबा घरी नेला.

दादा त्या गाडीशेजारी दहापासून एकपर्यंत उभा होता. बोटावर तो चिकट गाळ घेऊन जो भेटेल त्याला दाखवत होता, की नळाच्या पाण्याने गंज येईल, हे असं होणार नाही. मी भरलंच नाही, मी नव्हतोच. कोणी ऐकलं नाही. सही होती ना. एक वाजता त्याला हाकलून दिलं, आणि आठवड्याभरात गावातल्या सगळ्या गॅरेजांत त्याचं नाव 'नळपाण्या' पडलं. वीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला कोणी दारात उभं करेना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

खरं काय ते दादाला स्टोअरकीपरनेच सांगितलं, गल्लीच्या तोंडाशी गाठून. वर म्हणाला, माझं नाव घेऊ नकोस, घरी दोन मुली आहेत. दादाने शब्द दिला. दिला म्हणजे दिला. मी किती डोकं आपटलं, पण त्याने ते नाव घराबाहेर काढलं नाही. सात वर्षांत मी त्याला एकदाच विचारलं, की तुला नक्की काय हवंय? तो म्हणाला, "तिथेच, त्याच जागी, सगळ्यांच्या समोर कळलं पाहिजे की मी नव्हतो. बाकी काही नको." मला मात्र बाकीही सगळं हवं होतं.

त्यानंतर आम्ही बाजारामागच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड घेतली. मी तोवर एका झेरॉक्सच्या दुकानात होते आणि मालकाशी माझं फाटलं होतंच. दादा रेडिएटर उतरवतो, झाळतो, पाईप बदलतो. मी काउंटर सांभाळते आणि गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवायचं काम करते, कारण दादा कोणतीही गाडी घाईने देत नाही. गाडीतलं जुनं कूलंट चमचाभर आणि जे भरायचं ते चमचाभर, असं काचेच्या छोट्या बरणीत घालतो, ती बरणी कडकडीत पाण्याच्या पातेल्यात ठेवतो, आणि तासाभराने उजेडात धरून बघतो. तळाला ढगासारखं काही दिसलं तर ते कूलंट त्या गाडीला नाही. पसंत पडलं तर जुनं सगळं काढून, आतून धुऊन मग नवीन भरतो. डब्यांच्या फळीवर त्याने रंगाप्रमाणे नाही, मसाल्याप्रमाणे आकडे घातलेत. शेवटी गाडीच्या झाकणाला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेने बांधतो, काय भरलं, कधी भरलं, आणि खाली सही. शेवटचा थेंब पडल्याशिवाय सही नाही. लोक आधी हसले. मग हळूहळू लांबून यायला लागले. "रंगावर जाऊ नका" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असेन, झोपेतसुद्धा म्हणते असं आई सांगते.

आणि एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या कोपऱ्यावर एक लांबलचक नवी गाडी वाफ सोडत थांबली. त्यातून पांढरा शर्ट उतरला. खिशाला तीन पेनं.

आमच्या पाटीवर कोणाचं नाव नाही, नुसतं 'रेडिएटर आणि कूलंट' आहे, म्हणून तो बिनधास्त आत आला. दादा हात पुसत पुढे झाला. जावईबापू जरासे थबकले, आणि मग जणू कालच भेट झाल्यासारखे म्हणाले, "अरे, तू इथे असतोस होय? बरं झालं. बघ जरा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत त्यांची बायको बसलेली होती, शेठची मुलगी. तिने दादाला ओळखलं आणि मान वळवून घेतली.

मी दादाला मागे ओढलं आणि कानात सांगितलं, की याच्याकडून आधी वदवून घे. गाडी उघडी टाकून ठेव, बोलल्याशिवाय हात लावू नको. दादा म्हणाला, इंजिन तापलेलं असताना झाकण उघडत नाहीत. बस. त्याने पाईप फुटलेला शोधला, बरणी केली, कंपनीचं गुलाबी त्या गाडीला बरोबर आहे म्हणाला. जावईबापूंना संध्याकाळी ड्रायव्हर पाठवा म्हणून सांगितलं. ते जाताना मला म्हणाले, चांगलं चाललंय हं तुमचं. करून सवरून नामानिराळा राहिलेला माणूस दुसऱ्याची पाठ थोपटतो तेव्हा ती पाठ जळते, हे मला त्या दिवशी कळलं.

दोनपर्यंत दादाने गाडी पूर्ण केली. गुलाबी भरलं, इंजिन चालवून हवा काढली, चिठ्ठी बांधली, सही केली आणि एक झाळलेला रेडिएटर पोचवायला निघून गेला. शेडमध्ये मी आणि ती गाडी.

मी काय केलं ते स्पष्टच सांगते, कारण त्यात मला तेव्हा लाज वाटली नव्हती. इंजिन गार होईपर्यंत थांबले, तेवढं दादाने शिकवलंच होतं. मग खालची तोटी सैल करून लिटरभर गुलाबी काढून टाकलं. फळीवरून हिरवा डबा उचलला आणि तेवढंच हिरवं आत ओतलं. मनात एवढंच होतं, की तीन आठवडे, मग एखादा चढ, मग याचं लाखमोलाचं इंजिन, आणि याची बायको शेजारी बसलेली. झाकण लावलं. झाकणाला दादाची चिठ्ठी लटकत होती. ती मी बाजूला सरकवली आणि पुन्हा जागेवर ठेवली, पण तिच्यावर काय लिहिलंय इकडे माझं लक्षच नव्हतं. संध्याकाळी ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

सकाळी दादा शेड झाडत होता. ती गाडी उभी होती त्या जागी तो वाकला, बोट फरशीला लावलं आणि माझ्याकडे आला. बोटावर हिरवा ओघळ होता.

"काल हिरव्याची एकही गाडी नव्हती," तो म्हणाला.

मी सांगून टाकलं. लपवायचं काय? उलट छाती पुढे काढून सांगितलं, की तुझ्याच्याने झालं नाही ते मी केलं, आता भोगू दे त्याला. दादाने तो हिरवा डबा काढला, काल उरलेलं गुलाबी काढलं, बरणीत दोन्ही घातलं, पातेल्यात ठेवलं आणि तासभर दुसरं काम करत राहिला. मग बरणी दारात नेऊन उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. आत गढूळ चहासारखा रंग झाला होता. पण तळ स्वच्छ होता. गाळ नाही, ढग नाही, काही नाही.

"मसाला एकच आहे," दादा म्हणाला. "कंपनी वेगळी. आकडा बघितला असतास तर कळलं असतं. तू रंग बघितलास, चिमे."

सात वर्षं मी त्या माणसाला ज्या गोष्टीसाठी शिव्या दिल्या, तीच मी केली होती. तेही सूड घ्यायला निघालेली असताना. इंजिनाला काही होणार नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याहून वाईट म्हणजे, कोणीही ते झाकण उघडलं की आत गढूळ दिसणार होतं आणि बाहेर 'गुलाबी, कंपनीचं' अशी दादाची सही लटकत होती. म्हणजे नळपाण्याने पुन्हा भेसळ केली. जावईबापूंना आयतं कोलीत. सात वर्षं एकेक गाडी करून दादाने जे उभं केलं होतं, ते मी लिटरभरात बुडवलं होतं.

मी म्हटलं, ड्रायव्हरला फोन करू, काहीतरी राहिलं म्हणून गाडी मागवू, गुपचूप बदलून टाकू. दादाने मान हलवली. त्याने कंपनीच्या गुलाबीचे दोन डबे आणि एक कोरी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

"जाऊन सांग. तू ओतलंस म्हणून. मग त्यांच्यासमोर बदल."

मी म्हणाले की त्यापेक्षा मी मरेन. त्या माणसासमोर मान खाली घालू? तो नाचेल. दादा म्हणाला, नाचू दे. पुढे म्हणाला, "मी तिथे उभा होतो तेव्हा ज्याने केलं त्याने सांगितलं असतं, तर मला आणखी काय हवं होतं?" मी डबे उचलले.

गॅरेज होतं तसंच होतं. लांब शेड, एका रांगेत गाड्या उचलायच्या चार लिफ्ट, मागे जाळीचं स्टोअर, पुढे काचेची खोली आणि तिच्याबाहेर काउंटर. काउंटरवर शेठची मुलगी बसली होती. सकाळी दहाची वेळ, गिऱ्हाइकं खुर्च्यांवर, गाड्या अर्ध्या उघडलेल्या. जावईबापूंची गाडी बाजूलाच उभी होती. मी त्यांना गाठून हळूच म्हटलं की कालच्या गाडीबद्दल सांगायचंय. माझ्या हातातले डबे बघून त्यांना काहीतरी वास आला असावा. म्हणाले, आत चला, निवांत बोलू.

मी दोन पावलं टाकलीसुद्धा. दार लागलं असतं, मी कुजबुजून सांगितलं असतं, ते मोठेपणाने हसले असते. पण दादाला त्यांनी काचेच्या खोलीत नेलं नव्हतं. त्याला इथेच उभं केलं होतं, याच फरशीवर. मी थांबले आणि माझा जो आवाज आहे, ज्याने आई कानावर हात ठेवते, त्या आवाजात बोलले.

"काल तुमच्या गाडीत माझ्या भावाने कंपनीचं गुलाबी भरलं आणि सही केली. तो गेल्यावर मी त्यात लिटरभर हिरवं ओतलं. इंजिन खराब व्हावं म्हणून मुद्दाम ओतलं. मी. माझ्या भावाने नाही. इंजिनाला काही होणार नाही, तरी मी बदलून द्यायला आलेय."

हातोडी चालत होती ती बंद पडली. चौथ्या लिफ्टखालचा माणूस बाहेर आला. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं, मग सगळीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. दादा म्हणाला होता तसे ते नाचलेच. हात पसरून गिऱ्हाइकांना म्हणाले, "ऐकलंत? रक्तातच आहे यांच्या. तेव्हा भावाने केलं, आता बहिणीने. हे असे लोक."

मी दातओठ खात डबे खाली ठेवले. बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात काउंटरवरून आवाज आला.

"अहो, एक मिनिट." शेठची मुलगी उभी राहिली होती. "यांना कोणी पकडलं नव्हतं. स्वतःहून आल्या. आणि यांच्या भावाने पाठवलं असणार, यांच्या तोंडावरून दिसतंय." ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. "जो माणूस असं सांगायला पाठवतो, तो त्या दिवशी तीन तास इथे उभा राहून म्हणत होता, मी नाही. मी इथेच बसले होते. मग त्या गाडीत ओतलं कोणी होतं?"

जाळीच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर होता. त्याने डोकं खाली घातलं आणि वर काढलंच नाही. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदम जावईबापूंकडे.

जावईबापूंनी खिशातलं एक पेन काढलं. परत ठेवलं. म्हणाले, जुन्या गोष्टी आहेत, कामं करा. कोणी हललं नाही. बायको म्हणाली, "मी विचारलं, कोणी?" ते काचेच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. खोली काचेची असल्यामुळे ते खुर्चीत बसलेले सगळ्यांना दिसत होते.

मी गाडीखाली गेले, गढूळ सगळं काढलं, दोनदा धुतलं, गुलाबी भरलं, हवा काढली. कोणी न सांगता एकाने मला दिवा धरला. त्याने तोंडातल्या तोंडात विचारलं, दादा बरा आहे ना? कोरी चिठ्ठी मी बांधली आणि तिच्यावर माझी सही केली. ते दार तोपर्यंत उघडलं नव्हतं.

परत आले तेव्हा दादा पाईपला क्लिप आवळत होता. मी सगळं सांगितलं. तो क्लिप आवळायचा थांबला. म्हणाला, काहीच बोलले नाहीत? म्हटलं, काहीच नाही, आत जाऊन बसले. दादा खोक्यावर बसला आणि हातातला स्पॅनर त्याने मांडीवर आडवा ठेवला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "कोण कुठे उभं होतं ते सांग."

मी सांगितलं. कोणती लिफ्ट, कोणाच्या हातात काय, शेठची मुलगी कुठल्या बाजूने उठली. स्टोअरकीपरची मान खाली गेली तिथे त्याने डोळे मिटले. पेनाचं ऐकून तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. ते त्याने पुसलं नाही. बाहेर एक गिऱ्हाईक हॉर्न देत होतं. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही आणि मला तिसऱ्यांदा, अगदी पहिल्यापासून, सांगायला लावलं.